पहाटे साडेपाचची खुर्ची

[पहाट. महापालिका शाळेचं फाटक. रस्त्यावर चुन्याची पांढरी रेघ.]

सोलापूरच्या पूर्व भागातली ही महापालिकेची शाळा. पाच वाजून दहा मिनिटं झालीत. आज इथं मतदान आहे. रांग सातला लागेल. ही फिल्म ज्या कामाबद्दल आहे ते, म्हणजे केंद्रात उमेदवाराच्या वतीनं बसणाऱ्या मतदान प्रतिनिधीचं काम, मात्र साडेपाचला सुरू होतं आणि रात्रीपर्यंत चालतं. चुन्याची रेघ केंद्रापासून शंभर मीटरवरची. आमचा कॅमेरा तिच्या अलीकडंच राहील. पुढं यंत्राची जी दृश्यं येतील ती प्रात्यक्षिकासाठी ठेवलेल्या यंत्राची आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

[रेघेबाहेर चहाची गाडी. काचेचे ग्लास. पेपर वाचणारे दोघं.]

चहाच्या गाडीवर निकाल कधीच लागलेला असतो. एक म्हणतो, बटण कुठलंही दाबा, मत जायचं तिकडंच जातं. दुसरा म्हणतो, अण्णा, हरलं की मशीन वाईट आणि जिंकलं की जनतेचा कौल, हे किती दिवस ऐकायचं? दोघं तावातावानं बोलतात. मॉक पोल, म्हणजे मतदानाआधीची यंत्राची चाचणी, बघितलीय का, सतरा-सीचा कागद, म्हणजे केंद्रावरच्या मतांचा हिशोब, कधी हातात धरलाय का, असं विचारलं की मग साखर कमी पडल्याची आठवण होते.

[वर्तमानपत्रांची कात्रणं. आकड्यांवर कॅमेरा.]

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान. संध्याकाळी पाचचा राज्याचा आकडा ५८.२२ टक्के. अंतिम आकडा ६६.०५. मधली वाढ आली कुठून, यावर महिनोन् महिने वाद झाला. पाचचा आकडा हा केंद्राकेंद्रांवरून तोंडी किंवा फोनवर गोळा केलेला अंदाज असतो. सहाला रांगेत उभे असलेले सगळे नंतर मत देतात, तेही त्यात नसतात. हे स्पष्टीकरण चुकीचं नाही. पण ते पटवून देणारा हाच सतरा-सीचा कागद राज्यातल्या लाखभर केंद्रांवर त्याच रात्री तयार झाला होता, आणि कायद्यानं त्याची एक प्रत तिथं हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीची होती. किती जणांनी ती घेतली, जपून ठेवली, बेरीज केली? आमचा सगळा प्रश्न एवढाच आहे.

[माळशिरस तालुक्यातला रस्ता. ऊस. मारकडवाडीची पाटी.]

त्याच निकालानंतर आपल्याच जिल्ह्यातल्या मारकडवाडीनं यंत्रावरचे आकडे पटत नाहीत म्हणून ३ डिसेंबरला गावापुरतं मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं. जमावबंदी लागली, पोलीस आले, मतदान झालं नाही. गावाची शंका खरी की खोटी हा निवाडा इथं करायचा नाही. शंका घ्यायच्या जागा कायद्यानं कुठं ठेवल्यात, त्या बघू.

[आदल्या दिवशीचं साहित्य वाटप. मांडव, टेबलं, पिशव्या तपासणारे कर्मचारी.]

आदला दिवस. केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी साहित्य ताब्यात घेतायत. तीन पेट्या: मतं साठवणारं कंट्रोल युनिट, बटणांचं बॅलट युनिट, मताची चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट. बॅलट युनिटवर सोळा बटणं असतात, त्यातलं एक नोटाचं. पंधरापेक्षा जास्त उमेदवार असले की दुसरं युनिट जोडावं लागतं. याशिवाय मतदार यादीची चिन्हांकित प्रत, शाईच्या कुप्या, हिरव्या कागदी मोहरा, लाख, मेणबत्ती, सुतळी, कार्बन, आणि वीस प्रदत्त मतपत्रिका. या वीस कागदांकडं नंतर येऊ. अनुभवी केंद्राध्यक्ष सगळ्यात आधी यंत्रांचे क्रमांक आपल्या कागदावरच्या क्रमांकांशी ताडून बघतो. नवखा चहा शोधतो.

[प्रात्यक्षिकाचं यंत्र. वायर जोडणारे हात.]

जोडणीचा क्रम ठरलेला आहे. बॅलट युनिटची वायर व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला. जोडताना कंट्रोल युनिट बंदच पाहिजे. चालू ठेवून वायर घातली की लिंक एरर येतो आणि घाबरलेला माणूस फोन करायला धावतो. व्हीव्हीपॅटच्या मागं एक खटका असतो: प्रवासात आडवा, कामाला उभा. तो उभा करायचा विसरला की यंत्र बिघडलंय असं वाटतं. आणि व्हीव्हीपॅट खिडकीसमोर किंवा थेट बल्बखाली ठेवायचा नाही, कारण आतले सेन्सर उजेडानं गडबडतात. आपल्याकडच्या शाळांना खिडक्या मोठ्या. सकाळी बरं दिसणारं टेबल दहा वाजता उन्हात येतं, म्हणून जागा आदल्या दिवशीच नीट बघून ठरवावी लागते.

[बॅलट युनिटवर बोट. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी.]

आता साडेपाच. मतदानाच्या नव्वद मिनिटं आधी मॉक पोल, सरकारी भाषेत अभिरूप मतदान. उमेदवारांचे किमान दोन प्रतिनिधी समोर पाहिजेत. नसतील तर पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुढं जायचं. कमीत कमी पन्नास मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला काही ना काही, नोटालासुद्धा. बटण दाबलं की काचेत चिठ्ठी दिसते: अनुक्रमांक, नाव, चिन्ह. सात सेकंद. मग ती कापली जाऊन खालच्या पेटीत पडते.

प्रतिनिधीनं इथं करायचं काम अगदी सोपं आहे. वहीत रेघा ओढायच्या. कुणाला किती मतं टाकली ते स्वतः लिहायचं. मग कंट्रोल युनिटवर क्लोज, रिझल्ट, क्लिअर, याच क्रमानं. रिझल्ट दाबल्यावर पडद्यावर येणारा आकडा, पेटीतल्या चिठ्ठ्यांची मोजणी आणि आपल्या वहीतल्या रेघा, तिन्ही जुळल्या पाहिजेत.

[काळा लिफाफा. चिठ्ठ्यांच्या मागं शिक्का.]

क्लिअर हा सगळ्यात महत्त्वाचा. तो राहिला तर पहाटेची पन्नास मतं खऱ्या मतांत मिसळतात, आणि ते उघडकीला येतं मतदान संपल्यावर आकडे जुळत नाहीत तेव्हा. पेटीतल्या चिठ्ठ्याही बाहेर काढायच्या, प्रत्येकीच्या मागं मॉक पोलचा शिक्का मारायचा, काळ्या लिफाफ्यात घालून मोहोरबंद करायच्या. घाईत या दोन गोष्टी विसरतात. यंत्रात कुणी काय घातलं याच्या गोष्टी जितक्या रंगतात, त्याच्या शंभराव्या हिश्शानंही कुणी विचारत नाही, की क्लिअर केल्यावर पडद्यावर शून्य आलेलं बघितलं का?

मग कंट्रोल युनिटच्या निकालाच्या भागावर हिरवी कागदी मोहोर. तिच्यावर अनुक्रमांक असतो. प्रतिनिधींनी तो लिहून घ्यायचा आणि मोहरेवर सही करायची. ही सही मोजणीच्या दिवशी पुन्हा भेटते.

[सात वाजता रांग. पदर डोक्यावर घेतलेल्या बायका. फाटकावर पोलीस.]

सात वाजले. सोलापूर लोकसभेचं २०२४ चं मतदान ७ मे रोजी झालं, ऐन उन्हाळ्यात. इथं रांग नऊच्या आत लांब होते. दुपारी एक ते चार शाळेत चिटपाखरू नसतं आणि पाचनंतर पुन्हा लोंढा येतो. यंत्रमागाला सुट्टी, विड्यांची सुपं घरी. रांगेत तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू सगळं ऐकू येतं.

आतमध्ये पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्यानं वाचतो. मोठ्यानं वाचण्यामागं कारण आहे. प्रतिनिधीला हरकत घ्यायची संधी तीच. पूर्व भागात इथं हमखास अडतं. चिलवेरी, गड्डम, बोल्ली अशी आडनावं देवनागरीत तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात, यादीत एक, ओळखपत्रावर दुसरं. माणूस तोच आहे अशी खात्री पटली की किरकोळ लेखनचुकीवरून मत नाकारता येत नाही. दुरुस्तीचा अर्ज नमुना ८. तो निवडणूक लागायच्या आधी भरायचा. रांगेत भांडून दुरुस्ती होत नाही.

[जवळून: विडी वळणाऱ्या बाईचं डावं बोट. नखापासून खाली शाईची रेघ.]

हे बोट बघा. तंबाखू आणि पानाचा रंग पेरात मुरलेला, नखाची कड कात्रीनं बारीक झालेली. आणि त्यावर शाई. म्हैसूरच्या कारखान्यातली, सिल्व्हर नायट्रेट असलेली, १९६२ पासून वापरात. आधी ठिपका लावत. २००६ पासून रेघ, नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत. तेलकट बोटावर शाई नीट धरत नाही. म्हणून दुसरा मतदान अधिकारी म्हणतो, मावशी, आधी बोट पुसा. तोच नोंदवहीत, म्हणजे सतरा-एमध्ये, सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा शाई वाळली का बघतो, चिठ्ठी घेतो आणि कंट्रोल युनिटवर बॅलट दाबतो. तो दाबेपर्यंत आतलं यंत्र मुकं असतं.

[रेघेबाहेर ओळखपत्र दाखवत तावातावानं बोलणारा मतदार.]

आता ते वीस कागद. तुम्ही पोचलात आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर घरी जायचं नाही. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा. कागदी मतपत्रिका मिळते, बाणफुलीचा शिक्का मिळतो, आणि नमुना १७-बीमध्ये नोंद होते. हे मत यंत्रात जात नाही, वेगळ्या लिफाफ्यात राहतं. पण नोंद राहते, आणि अटीतटीच्या निकालात कोर्टात तीच उघडली जाते. उलट, समोरचा माणूस तोतया आहे असं प्रतिनिधीला वाटलं तर आक्षेप घ्यायची फी किती? दोन रुपये. कटिंगसुद्धा येत नाही त्यात. आक्षेप खोडसाळ ठरला नाही तर तेही परत मिळतात.

आणखी एक. चिठ्ठीवर वेगळंच नाव दिसलं, असं मतदाराला वाटलं तर तो लेखी तक्रार देऊ शकतो. केंद्राध्यक्ष सगळ्यांसमोर चाचणी मत घेतो. तक्रार खोटी निघाली तर गुन्हा दाखल होतो. ही शेवटची अट लोकांना गप्प बसवते, असं आमचं स्पष्ट मत आहे. सात सेकंद बघितलेल्या चिठ्ठीवर तुरुंगाची जोखीम कोण घेईल?

[संध्याकाळ. फाटक बंद होतंय. रांगेच्या शेवटी चिठ्ठ्या वाटणारा कर्मचारी.]

सहा वाजले. चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढं येत वाटल्या जातात, म्हणजे मागून नवा कुणी घुसत नाही. शेवटचं मत कधी साडेसहाला पडतं, कधी आठला. मग केंद्राध्यक्ष क्लोज दाबतो. त्यानंतर यंत्र एकही मत घेत नाही.

[प्रशिक्षणातला कोरा नमुना १७-सी. बोट रकान्यांवरून फिरतं.]

हा तो कागद. नमुना १७-सी, भाग एक. यादीत मतदार किती, सतरा-एच्या नोंदवहीत किती जण आले, किती जणांनी मत द्यायला नकार दिला, किती जणांना देऊ दिलं नाही, चाचणी मतं किती, यंत्रात मतं किती, दोन्ही जुळतात का. खाली मोहरांचे अनुक्रमांक. निवडणूक नियम ४९-एस सांगतो: हजर प्रतिनिधीला पोच घेऊन याची खरी प्रत द्यायची. मागावी लागू नये, पण मागावी लागते. मे २०२४ मध्ये या केंद्रनिहाय नोंदी संकेतस्थळावर टाकाव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयात मागणी झाली. निवडणूक सुरू असताना तसा अंतरिम आदेश द्यायला न्यायालयानं नकार दिला. प्रतिनिधीशिवाय इतर कुणाला ही प्रत द्यायला कायद्यानं बांधलेलं नाही, हे आयोगाचं म्हणणं होतं. म्हणजे फिरून पुन्हा प्रतिनिधीच्या त्याच खुर्चीवर येतो.

या कागदाची मर्यादाही सांगायला हवी. मतं एकूण किती, एवढंच तो सांगतो. कुणाला किती, हे नाही. त्यासाठी व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या, आणि त्या मोजायच्या विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघातल्या फक्त पाच केंद्रांच्या, सोडतीनं निवडलेल्या. शंभर टक्के मोजणीची मागणी सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. मारकडवाडीचं दुखणं इथलं होतं, सतरा-सीचं नव्हे.

[दुपार. रेघेबाहेर पक्षांचे मांडव. रिकाम्या प्लास्टिक खुर्च्या.]

दुपारी तीनला हे मांडव बघा. सभेला ट्रॅक्टर भरून माणसं आणणाऱ्या पक्षांना पहाटे साडेपाच ते रात्री आठ एका बाकावर बसणारा एक माणूस मिळत नाही. अपक्षाला तर नाहीच. बसलेलाही जेवायला जातो तो संध्याकाळच्या मोजदादीला उगवत नाही. प्रतिनिधी व्हायला पदवी लागत नाही. नमुना १० वर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही, मतदार ओळखपत्र, आणि शक्यतो त्याच केंद्राच्या यादीतलं नाव. एकाला दोन बदली माणसं ठेवता येतात, फक्त एका वेळी एकच आत. पाळी लावली तर कुणाचाही दिवस जात नाही.

[रात्र. पोलीस बंदोबस्तात यंत्रं घेऊन निघालेली बस. धूळ.]

यंत्रं निघाली.

[मतमोजणीची सकाळ. रामवाडीच्या शासकीय धान्य गोदामाचं फाटक. ओळखपत्रं तपासली जातायत.]

४ जून २०२४, रामवाडी, लोकसभेची मतमोजणी. टेबलावर यंत्र आलं की मोजणी प्रतिनिधीनं तीन गोष्टी ताडायच्या: कंट्रोल युनिटचा क्रमांक, हिरव्या मोहरेवरचा क्रमांक आणि सही, आणि पडद्यावरची एकूण मतं सतरा-सीशी.

फाटकातून आत जाणाऱ्यांकडं बघा. काहींच्या बगलेत फाईल आहे, केंद्र क्रमांकानं लावलेली, कार्बनच्या निळ्या प्रतींची. बाकीचे हात हलवत चाललेत.