सगळ्या वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉयच्या पिक्चरांत, त्याच दोन बंदुका कशा काय?

१९३९ चा 'स्टेजकोच'. वाळवंटातून घोडागाडी धुरळा उडवत चाललीय, एक बार होतो, गाडी थांबते आणि समोर उभा जॉन वेन, एका हातात खोगीर, दुसऱ्या हातात रायफल, आणि ती रायफल तो एकाच हाताने अशी गर्रकन फिरवतो की थेटरात शिट्ट्या पडल्याच पाहिजेत. कॅमेरा धावत त्याच्या तोंडाशी जातो, मध्येच फोकस जरासा जातो, तो तसाच ठेवलाय, कारण अशी एन्ट्री कापायला हात कुणाचा धजावणार.

इथे जरा पॉज करूया. पिक्चरची गोष्ट १८८० च्या आसपासची. आणि हातातली रायफल आहे विंचेस्टर मॉडेल १८९२. नावातच साल आहे हो! जन्माला यायला अजून बारा वर्षं आहेत आणि ही बया खुशाल गोळ्या झाडतेय. 'द सर्चर्स' बघा, १९५६ चा, त्यात तर गोष्ट १८६८ ला सुरू होते आणि तिथेही हीच रायफल, म्हणजे चोवीस वर्षं आधी. कमरेला कोल्टचं १८७३ चं रिव्हॉल्व्हर, तेही पाच वर्षं आधीच पोचलेलं. आणि हे दोन पिक्चर काही असेतसे नाहीत, दोन्ही जॉन फोर्डसारख्या बड्या डायरेक्टरचे.

मला बरीच वर्षं वाटायचं की ह्या लोकांना माहितीच नसणार, किंवा कुणाला पडलेलीच नसणार. पण खरं कारण बंदुकीत नाहीये, ते काडतुसात आहे, आणि तेही खोट्या काडतुसात.

शूटिंगला वापरतात ते ब्लँक, म्हणजे आत दारू असते पण पुढे गोळी नसते, नुसता आवाज, जाळ आणि धूर. आता सेटवर चाळीस माणसं आहेत, प्रत्येकाकडे वेगवेगळ्या मापाची बंदूक, तर प्रत्येकाला वेगळं ब्लँक द्यायचं आणि कुणाचं कुणात जाणार नाही हे बघत बसायचं, भर उन्हात, घोडे खिंकाळतायत, लाइट चाललाय, डायरेक्टर ओरडतोय. म्हणून हॉलिवूडने एक जुगाड केला, त्याचं नावच 'फाइव्ह इन वन'. पाच हत्यारांत चालणारं एकच ब्लँक. ३८-४० आणि ४४-४० ह्या दोन मापांच्या रायफली, त्याच दोन मापांची रिव्हॉल्व्हरं आणि वर पॉइंट ४५ चं कोल्ट. एक खोका उघडा आणि सगळ्यांना वाटा.

झालं. ह्या ब्लँकमध्ये जे बसेल तेच पडद्यावर दिसणार. त्यात १८९२ ची विंचेस्टर जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेली, मजबूत, हलकी, आणि दहा लाखांच्या वर बनलेली, त्यामुळे जुन्या बाजारात हवी तेवढी मिळायची. आधीच्या रायफली जुन्या झालेल्या, झिजलेल्या, त्यांना घोड्यावरून आपटायला कोण देणार. हॉलिवूडमध्ये स्टेंब्रिज नावाचं बंदुका भाड्याने देणारं दुकान होतं, लग्नाला मांडववाला भांडी देतो ना तसं, गोदामातून शंभर नग गाडीत टाकायचे, शूटिंग झालं की मोजून परत. मांडववाल्याकडे जी पातेली असतात त्याच पातेल्यांत गावातल्या सगळ्या लग्नांचा भात शिजतो, त्यातला प्रकार.

कधी कधी मात्र कुणाला तरी लाज वाटायची. मग काय करायचे, १८९२ च्या नळीखालचा लाकडी भाग काढून टाकायचा, मधल्या लोखंडावर पितळी रंग मारायचा, की झाली १८६० ची हेन्री रायफल तयार. लांबून चालून जातं. जवळून बघितलं तर मिशी चिकटवून शाहिस्तेखान झालेला गॅदरिंगमधला मुलगा.

आणि 'द रायफलमन' नावाची टीव्ही मालिका आली १९५८ ला, तिच्यात चक कॉनर्स जी रायफल मशीनगनसारखी चालवतो तीपण १८९२ च, गोष्ट १८८० च्या दशकातली. त्या रायफलच्या चापाभोवतीच्या कडीत (हीच कडी खाली-वर करून पुढचं काडतूस नळीत आणतात) एक छोटा स्क्रू बसवलेला होता, कडी मिटली की तो स्क्रूच चाप दाबायचा. म्हणजे हिरोने नुसता हात वरखाली करायचा, बार आपोआप. डोकं कुणाचं का असेना, सलाम आहे.

आता रिव्हॉल्व्हरकडे येऊ. कोल्टचं १८७३ चं सिंगल ॲक्शन आर्मी, लोक पीसमेकर म्हणतात. सिंगल ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग चाप. (वेस्टर्नवर मराठीत बोलायचं म्हणजे ही एक पंचाईत, खाली पण घोडा, हातात पण घोडा, आणि मुंबईत विचारलंत तर अख्खी पिस्तूलच घोडा.) सिलिंडरला खण सहा, पण जाणकार माणूस पाचच भरायचा. कारण घोडा ज्या खणावर टेकलाय त्यात काडतूस असेल आणि रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर ते आपटूनच उडू शकतं, आणि उडणार कुठे तर आपल्याच पायात. म्हणून घोड्याखालचा खण रिकामा. पिक्चरमध्ये सहा तर सोडाच, मी एका सीनमध्ये बोटं मोजायला लागलो तर दोन्ही हातांची संपली.

आणि पुन्हा भरायचं कसं? घोडा अर्धा ओढायचा, बाजूची छोटी झडप उघडायची, नळीलगतचा दांडा ढकलून एक रिकामं काडतूस बाहेर पाडायचं, सिलिंडर एक खण फिरवायचा, पुन्हा ढकलायचं, असं पाच वेळा, मग एकेक करून नवीन भरायची. समोरून गोळ्या येतायत. पिक्चरमध्ये हा सगळा कार्यक्रम हिरो पाण्याच्या हौदामागे वाकतो तेवढ्यात उरकतो.

त्या काळात ह्याच्यावर इलाज होता पण. स्मिथ अँड वेसनचं स्कोफिल्ड, मधूनच मोडून उघडायचं आणि सगळी रिकामी काडतुसं एका झटक्यात बाहेर. ते पडद्यावर फारसं दिसत नाही, कारण, बरोबर, गोदामात कोल्ट पडलेली होती. 'अनफरगिव्हन' मध्ये दिसतं, १९९२ चा, क्लिंट ईस्टवुडचा. त्यात एक पोरगा स्वतःला स्कोफिल्ड किड म्हणवून घेतो, आणि त्याला पन्नास वाऱ्यांपलीकडचं धड दिसत पण नाही. ह्या एका पिक्चरमध्ये बंदुका माणसांसारख्या वेगवेगळ्या आहेत, जुन्या माणसाकडे जुनी, ती भिजते, अडकते, नेम चुकतो. म्हणून तो मला खरा वाटतो.

मग ते समोरासमोर उभं राहून, बोटं वळवळवत, आधी कोण काढतो ते? असं अजिबात झालं नाही असं नाही. २१ जुलै १८६५, मिझुरीतलं स्प्रिंगफिल्ड, वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट, चौकात, भर लोकांत. भांडण घड्याळावरून. पण दोघांत अंतर होतं साधारण पंचाहत्तर वार, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या तिप्पटीहून जास्त. एवढ्या लांब पटकन काढण्याला काही अर्थच नाही, नेम धरावा लागतो. टटची गोळी चुकली, हिकॉकची छातीत लागली. आणि हा असा प्रकार एवढा दुर्मिळ की अजून त्याचंच उदाहरण देतात.

ती मांडीपर्यंत लोंबणारी, खाली वादीने बांधलेली होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हरची चामडी म्यान, पण सिनेमाचीच देणगी. खरी होल्स्टर कमरेला उंच आणि खोल, रिव्हॉल्व्हर घोड्यावरून पडू नये म्हणून, झटकन निघावं म्हणून नव्हे. आर्वो ओहाला नावाचा माणूस होता, त्याने होल्स्टरच्या आत धातूचा पत्रा बसवला, म्हणजे सिलिंडर आतल्या आत फिरतो आणि काढता काढता घोडा ओढता येतो, आणि पन्नासच्या दशकात तो नटांना हेच शिकवायचा. 'गनस्मोक' मालिकेच्या सुरुवातीला मार्शलसमोर उभा राहून हरणारा माणूस तोच. शिकवणारा मास्तर दर आठवड्याला हरायचा!

आता ओके कोरल, वेस्टर्नवाल्यांची सगळ्यात लाडकी चकमक. कोरल म्हणजे घोडे ठेवायचं आवार. २६ ऑक्टोबर १८८१, टूमस्टोन, ॲरिझोना. पहिली गोष्ट, हे कोरलमध्ये झालंच नाही, जवळच्या एका रिकाम्या जागेत झालं, रुंदीला जेमतेम पंधरा-वीस फूट. त्यात आठ-नऊ माणसं, एकमेकांपासून काही फुटांवर, आणि साधारण तीस सेकंदांत तीसेक गोळ्या. तीन मेले. आणि भांडणाचं निमित्त काय तर गावात हत्यार बाळगायला बंदी होती आणि गावच्या पोलिसांच्या बाजूचे अर्प बंधू ती हत्यारं काढून घ्यायला गेले होते! डॉज सिटीच्या एका जुन्या फोटोत पण भलामोठा बोर्ड दिसतो, बंदूक बाळगायला सक्त मनाई म्हणून. पिक्चरमध्ये मात्र शाळामास्तर सोडला तर सगळ्यांच्या कमरेला लटकतंय.

पण त्या तीस सेकंदांतलं जे कुठलाच पिक्चर नीट दाखवत नाही ते म्हणजे धूर. तेव्हाची दारू काळी. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये व्हिएलने १८८४ ला काढली, ती अमेरिकेतल्या सामान्य माणसाच्या काडतुसात यायला पुढची दहाएक वर्षं गेली. काळ्या दारूचा एक बार म्हणजे पांढऱ्या धुराचा हा एवढा गोळा, दिवाळीत लक्ष्मीबारची माळ संपल्यावर गल्लीत जे होतं ते आठवा, आणि तसे तीस बार एका बोळकांडीत. चौथ्या-पाचव्या बारानंतर समोरचा दिसणार कसा? अंदाजानेच झाडत असणार. कॅमेऱ्याला हे परवडत नाही, हिरोचे डोळे दिसायला हवेत, त्यासाठी तर पैसे दिलेत, म्हणून ब्लँकमध्ये दारू मोजूनमापून घालतात.

गोळी लागल्यावर माणूस मागे उडतो तेही तसंच. 'शेन' मध्ये, १९५३ ला, जॉर्ज स्टीव्हन्सने नटाला मागून तार बांधून खेचलं. तेव्हापासून जो उठतो तो उडतोच. अहो, गोळीत एवढा धक्का असता तर झाडणारा पण उलट्या दिशेला उडाला असता की.

आणि एक अंगावर येणारी गोष्ट. २५ जून १८७६, लिटल बिगहॉर्न. पिक्चरमध्ये आपण बघतो, सैनिकांकडे बंदुका आणि समोर धनुष्यबाण. प्रत्यक्षात अमेरिकन लष्कराच्या कस्टर नावाच्या अधिकाऱ्याच्या सैनिकांकडे एकबारी स्प्रिंगफिल्ड कार्बाइन, प्रत्येक बारानंतर हाताने काडतूस भरायचं, आणि समोरच्या लाकोटा-शायेन ह्या तिथल्या मूळ जमातींच्या लोकांत बऱ्याच जणांकडे हेन्री आणि विंचेस्टर, एकामागून एक झाडणाऱ्या. १९८३ ला तिथे वणवा लागून गवत जळालं आणि मग जमीन शोधली तर त्या रिकाम्या काडतुसांच्या टोप्याच सापडल्या. धनुष्यबाण पण होतेच, पण नुसते तेच नव्हते.

थोडं थांबून एक सांगायला हवं. रिव्हॉल्व्हर समोरून क्लोजअपमध्ये दाखवलं की सिलिंडरच्या खणांत गोळ्यांची टोकं दिसावी लागतात. ब्लँकला टोक नसतं. मग डमी वापरतात, गोळी खरी दिसणारी, आत दारू नाही. बघायला अगदी खऱ्यासारखी, हाच तिचा गुण आणि हाच धोका. २१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत 'रस्ट' च्या सेटवर तालीम चालू असताना अशा रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स गेल्या. ते रिव्हॉल्व्हर जुनं नव्हतं, कोल्टची इटालियन नक्कल होती.

इटालियन का, तर त्याची पण एक गंमत आहे. १९६१ ला अमेरिकन यादवीला शंभर वर्षं होणार होती, हौशी लोकांना तेव्हाच्या बंदुका हव्या होत्या, तर व्हॅल फॉर्गेट नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने इटलीत ब्रेशा भागातल्या कारागिरांना गाठलं. १९५९ ला सुरू झालेली उबर्ती कंपनी तिथलीच. त्यांनी १८५१ चं कोल्ट नेव्ही हुबेहूब बनवायला घेतलं. आणि पाच वर्षांत सर्जिओ लिओने ह्या इटालियन डायरेक्टरला इटलीतच वेस्टर्न काढायची हुक्की आली. गोदाम हॉलिवूडचं नाही, देशातलंच. म्हणून स्पॅगेटी वेस्टर्नमध्ये अचानक बंदुका बदलतात.

आता हे नेव्ही म्हणजे ठासणीचं. कोकणात ज्यांच्या घरी शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे त्यांना एका वाक्यात कळेल. प्रत्येक खणात पुढून दारू ओतायची, वर शिशाची गोळी, ती खणापेक्षा नखभर मोठी, खालचा दांडा दाबला की शिशाची बारीक कडी सोलून निघते आणि गोळी घट्ट बसते. वर चरबी फासायची, नाहीतर एकाचा जाळ शेजारच्या खणात जाऊन सगळे एकदम उडायचे. मग मागच्या बाजूला प्रत्येक खणाला एक केप, आपली टिकल्यांची बंदूक असते ना, त्या टिकलीची तांब्याची थोरली बहीण. बार झाला की त्या केपेचे तुकडे यंत्रात पडून सिलिंडर अडकायचा, म्हणून घोडा ओढताना नळी आकाशाकडे करायची सवय. एकदा रिकामं झालं की संपलं, पुन्हा भरायला काही मिनिटं. काडतूस आरपार भरायचा सिलिंडर कोल्टला बनवताच येत नव्हता, कारण रॉलिन व्हाइटचं पेटंट स्मिथ अँड वेसनकडे, ते संपलं १८६९ ला.

आणि लिओनेचा १९६६ चा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' घडतो १८६२ ला, आणि त्यातली नेव्ही काडतुसांची. दहाएक वर्षं आधी. त्यातला डाकू टुको बंदुकीच्या दुकानात घुसतो तो सीन आठवा. एकेक रिव्हॉल्व्हर खोलतो, ह्याची नळी, त्याचा सिलिंडर, कानाशी धरून टिकटिक ऐकतो, नळीत फुंकर मारतो, आणि सगळ्यातून एक जोडून घेतो. टुको झालेल्या एली वॉलकने बरंचसं आयत्या वेळी सुचेल तसं केलेलं. मग तो काडतुसं मागतो, आणि म्हातारा दुकानदार मुकाट्याने काढून देतो. अख्ख्या पिक्चरमध्ये बंदुकांची खरी माहिती असलेला एकच माणूस तो. अजून आलीच नाहीत हो ती, एवढं तरी म्हणायचं त्याने. पण टुको त्याचा गल्ला साफ करतो आणि जाता जाता दुकानाची पाटी त्याच्याच तोंडात कोंबून जातो.