चामखीळ काढल्यानंतर जननेंद्रियावरील जखमेची काळजी कशी घ्यावी

नमस्कार. जननेंद्रियावरील किंवा गुदद्वाराजवळील चामखीळ काढून घेतल्यावर रुग्णाच्या हातात एक चिठ्ठी येते आणि तिच्यावर एखादे मलम व वेदनाशामक गोळी लिहिलेली असते. परंतु ही जखम घरी धुवायची कशी, झाकायची की उघडी ठेवायची, लघवी करताना आग झाली तर काय करायचे, हे विचारायचे संकोचापायी राहून जाते. आजचा व्हिडिओ त्या राहून गेलेल्या प्रश्नांसाठी आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की ही जखम दुर्लक्षाने जितकी बिघडते, त्याहून अधिक ती गुपचूप केलेल्या जादा उपचारांनी बिघडते.

जखम कशी दिसेल हे चामखीळ कशी काढली त्यावर अवलंबून असते. क्रायोथेरपीत उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन वापरून चामखीळ गोठवतात. त्यानंतर लाली व सूज येते, एक-दोन दिवसांत पाण्याचा, क्वचित रक्ताचा फोड येतो आणि साधारण एक ते तीन आठवड्यांत त्वचा भरून येते. हा फोड स्वतः फोडू नका, कारण त्याखालची कोवळी त्वचा त्याच्या आवरणामुळेच सुरक्षित राहते. कॉटरी (विजेच्या उष्णतेने जाळणे) किंवा लेझरने जाळलेल्या ठिकाणी मात्र उघडी, लालसर जखम राहते आणि ती भरायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. हा भाग सतत ओलसर असल्यामुळे तिथे हातावरच्या जखमेसारखी कोरडी खपली धरत नाही, तर पिवळसर-पांढरा पातळ थर दिसतो. अनेक जण त्याला पू समजून घाबरतात आणि कापसाने खरवडून काढतात. तो थर भरून येणाऱ्या जखमेचाच भाग असतो. वास नसेल, वेदना वाढत नसेल आणि भोवतालची लाली पसरत नसेल, तर त्याला हात लावू नये.

जखम धुण्यासाठी साधे स्वच्छ कोमट पाणी पुरेसे आहे. आधी हात साबणाने धुवा. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण हाताला लागलेले औषध त्या नाजूक कातडीची भयंकर आग करते. दिवसातून दोन वेळा आणि शौचानंतर पाणी ओतून भाग धुवावा, मऊ सुती कापडाने न घासता टिपून घ्यावा आणि डॉक्टरांनी दुसरे काही सांगितले नसेल तर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. जखम उघडी ठेवून कडक वाळवली म्हणजे लवकर बरी होते हा समज चुकीचा आहे. पातळ ओलावा राहिला की नवी त्वचा सहज सरकते आणि कपडा चिकटत नाही. कपडा चिकटलाच, तर ओढून न काढता कोमट पाण्याने भिजवून सोडवावा.

आता काय लावू नये याकडे येऊ. डेटॉल, सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, टूथपेस्ट, चुना यांपैकी काहीही नको. जंतुनाशके जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही मारतात. त्याहून जास्त चिंता मला औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, खाज-गजकर्णासाठी वापरल्या जाणाऱ्या मिश्र ट्यूबची वाटते. त्यांत बहुधा तीव्र स्टिरॉइड असते. त्याने आग तात्पुरती शमते, पण जखम भरणे मंदावते आणि त्वचा पातळ होते. चामखिळीवर आधी लावत असलेले इमिक्विमॉडसारखे मलम शिल्लक असेल, तर तेही जखम पूर्ण भरेपर्यंत लावू नये.

लघवीला आग होत असेल तर लघवी करतानाच मगने कोमट पाणी ओतत राहा आणि पाणी भरपूर प्या, म्हणजे लघवी पातळ होऊन कमी झोंबते. जखम गुदद्वाराजवळ असेल तर शौच कडक होऊ देऊ नका. इसबगोल चालतो आणि टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसल्याने ठणका उतरतो. स्त्रियांमध्ये योनीओठांवर समोरासमोर जखमा असतील तर त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे जेली लावावी, आणि पाळी आली तर पॅड वारंवार बदलावे. पुरुषांनी शिश्नावरची कातडी मागे घेऊन धुतल्यावर ती आठवणीने पुढे आणावी. सुजेमुळे ती मागेच अडकली तर ती तातडीची बाब असते, लगेच रुग्णालय गाठावे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उभ्याने शिफ्ट करणाऱ्यांना किंवा सिन्नरहून रोज दुचाकीवर येणाऱ्यांना पहिला आठवडा जड जातो. सैल सुती अंतर्वस्त्र घालावे, शक्य असेल तर काही दिवस दुचाकी टाळावी, आणि जखम भरेपर्यंत रामकुंडातले स्नान व तरणतलाव दोन्ही पुढे ढकलावेत. त्या भागाची दाढी करू नये, कारण वस्तऱ्याच्या बारीक चिरांतून चामखीळ निर्माण करणारा विषाणू (एचपीव्ही) शेजारच्या त्वचेत पसरतो.

त्वचा पूर्ण भरेपर्यंत शरीरसंबंध ठेवू नये. नंतर कंडोम वापरावा. त्याने धोका घटतो, पण पूर्ण जात नाही, कारण विषाणू न झाकलेल्या त्वचेवरही असू शकतो. पेट्रोलियम जेलीने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो, म्हणून दोन्ही एकत्र नकोत. घरात संशयाचे वातावरण असेल तर हेही लक्षात घ्या की संसर्गानंतर चामखीळ दिसायला काही आठवडे, महिने, क्वचित वर्षेही लागतात. त्यामुळे ती कुणाकडून आणि केव्हा आली हे तिच्यावरून ठरवता येत नाही.

थोडे रक्त आले तर स्वच्छ गॉझने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मधे उचलून पाहू नये. तरीही थांबले नाही, ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढली, दुर्गंधीचा पू आला किंवा लघवी अडली, तर वाट पाहू नका. मधुमेह असलेल्यांनी तर पहिल्याच शंकेला दाखवावे. भरलेल्या जागी राहणारा काळसर किंवा पांढरट डाग मात्र धोक्याचा नसतो. तो बहुधा काही महिन्यांत फिका होतो, क्वचित कायम राहतो.

चामखीळ काढली तरी विषाणू त्वचेत राहू शकतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत ती पुन्हा उगवणे सामान्य आहे. त्यात तुमची काळजी कमी पडली असे नाही. सुमारे ९० टक्के चामखिळी एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात आणि हे प्रकार कर्करोगाचे नव्हेत. तरीही विवाहित असोत वा अविवाहित, स्त्रियांनी वयानुसार गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. एचपीव्हीची लस आधीच झालेली चामखीळ घालवत नाही, पण ज्या प्रकारांचा संसर्ग अजून झालेला नाही त्यांच्यापासून वाचवू शकते. पुण्यात तयार होणारी सर्वाव्हॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर नाशिकच्या त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभागात दाखवा आणि त्याच भेटीत एचआयव्ही व सिफिलिसची तपासणीही मागून घ्या.