वावरातली विहीर आणि ब्राउझरचं कुलूप

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात सलग तीन संध्याकाळी मी नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका काकूंच्या घरी बसून होते. समोर कूलर, मांडीवर त्यांच्या यजमानांचा लॅपटॉप. काका जानेवारीत गेले. निवृत्त शिक्षक, अतिशय टापटिपीचा माणूस. विजेचं बिल, घरटॅक्स, गॅस, विम्याचा हप्ता, पेन्शनचा ईमेल, नातवाचे फोटो, सगळं ते स्वतः लॅपटॉपवर बघायचे. काकूंना त्यात लक्ष घालायची वेळच कधी आली नव्हती.

मी एका वाचनालयात ज्येष्ठ नागरिकांना संगणक शिकवते. काका गेल्यावर काकू तिथे यायला लागल्या. एक दिवस वर्ग संपल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी रोज पाहून राहिली, पण ते काही पुढे जाऊनच नाही राहिलं. सारखा पासवर्ड मागते."

घरी जाऊन बघितलं. लॅपटॉपचा पिन त्यांना ठाऊक होता. इंटरनेट बघायला काका फायरफॉक्स हा ब्राउझर वापरायचे. विजेच्या बिलाचं पान उघडलं, तशी मधोमध एक लहानशी चौकट आली: प्रायमरी पासवर्ड टाका. काकांनी सगळे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवले होते आणि त्या साठ्याला वरून आणखी एक कुलूप घातलं होतं. फार शहाणपणाचं काम केलं होतं त्यांनी, आणि त्याच शहाणपणापाशी काकू चार महिने अडून होत्या.

आज मी तुमच्याशी या कुलपाबद्दल बोलणार आहे.

आधी ब्राउझर करतो काय ते बघू. इंटरनेटवर कुठल्याही खात्यात आपण नाव आणि पासवर्ड टाकला की ब्राउझर कोपऱ्यातून विचारतो, "हा पासवर्ड सेव्ह करू का?" घाईत आपण हो म्हणतो. आपण एकदा हो म्हटलं, की ब्राउझर ते एका वहीत उतरवून ठेवतो आणि पुढच्या वेळी आपल्या आधी भरून टाकतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या मंडळींना अशी वही आपल्या संगणकात आहे, हेच माहीत नसतं. फायरफॉक्स असो, क्रोम असो, सेटिंग्जमध्ये 'पासवर्ड्स' शोधा. पानंच्या पानं भरलेली निघतील. तीन वर्षांपूर्वी एकदाच उघडलेल्या एखाद्या दुकानाचं खातंसुद्धा तिथे असेल.

पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवूच नका, असं सांगणारे लोक आहेत. माझं मत तसं नाही. वही नसली की माणूस सगळीकडे एकच पासवर्ड वापरतो, बहुधा मुलाचं नाव आणि जन्मवर्ष. मग एका फुटकळ दुकानाच्या वेबसाइटवरून तो फुटला की तोच पासवर्ड चोर तुमच्या ईमेलला लावून बघतो. वही असली की प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड ठेवता येतो. तो डोक्यात ठेवायची गरज उरत नाही. आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. "आज रात्री तुमची वीज कापली जाईल, लगेच या लिंकवर जा" असे खोटे मेसेज आपल्याकडे कितीतरी जणांना आलेत. अशा लिंकवर उघडणारं पान दिसायला हुबेहूब खऱ्यासारखं असू शकतं. आपला डोळा फसतो. ब्राउझर मात्र पानाचं रूप पाहत नाही, तो पत्ता पाहतो. पत्त्यातल्या वेबसाइटच्या नावात एक अक्षर वेगळं असलं तरी तो साठवलेला पासवर्ड भरत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हात तिथेच थांबवा आणि वरचा पत्ता वाचा.

म्हणजे वही हवी. प्रश्न तिच्या कुलपाचा आहे.

हा प्रश्न जुनाच आहे. संगणकाला पासवर्ड लावण्याची पद्धत अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१च्या सुमारास फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने सुरू केली. एकच मोठा संगणक, वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाचं काम वेगळं राहावं यासाठी. आणि १९६२मध्ये तिथल्याच ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला ठरवून दिलेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादी त्या संगणकाकडूनच छापून घेतली. पासवर्ड जन्माला येऊन फार काळ झाला नाही तोच यादी हाती लागली, कारण ती एका जागी होती आणि उघडी होती.

आपल्या घरातही हेच होतं. फायरफॉक्समध्ये कुलूप घालायची सोय आहे, पण ते आपोआप लागत नाही, आपण लावावं लागतं. कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या. वर उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्यावर क्लिक करा. सेटिंग्ज. तिथे 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'. त्या पानावर खाली पासवर्ड्सचा भाग येतो आणि त्यात एक चौकोन असतो, 'यूज अ प्रायमरी पासवर्ड'. पूर्वी यालाच 'मास्टर पासवर्ड' म्हणायचे, २०२०मध्ये नाव बदललं, काम तेच. त्या चौकोनात खूण केली की नवा पासवर्ड दोनदा टाकायला सांगतात. झालं.

यानंतर ब्राउझर उघडल्यावर पहिल्यांदा साठवलेला पासवर्ड लागला की तो हे कुलूप उघडायला सांगतो. एकदा उघडलं की ब्राउझर बंद करेपर्यंत ते उघडंच राहतं. म्हणून काम झालं की फायरफॉक्सच्या सगळ्या खिडक्या बंद करायची सवय हवी. संगणकात एखादा घातक प्रोग्राम शिरलेला असेल आणि तुम्ही कुलूप उघडून बसला असाल, तर या कुलपाचा आधार उरत नाही. पेन ड्राइव्हवर फिरणारी फुकटची सॉफ्टवेअरं म्हणूनच घरात घेऊ नयेत.

दोन संगणक असतील तर आणखी एक गोष्ट. फायरफॉक्सचं खातं उघडून पासवर्ड दोन्हीकडे नेता येतात, पण हे कुलूप त्यांच्याबरोबर जात नाही. घरच्या संगणकाला लावलं म्हणून मुलीच्या लॅपटॉपला लागलं, असं होत नाही. तिथे वेगळं लावावं लागतं.

क्रोमची तऱ्हा वेगळी. तिथे असा स्वतंत्र मास्टर पासवर्ड नाही. साठवलेला पासवर्ड डोळ्यांनी बघायचा झाला तर क्रोम विंडोजचा पिन किंवा पासवर्ड मागतो. म्हणजे तुमच्या संगणकाचं कुलूप तेच वहीचं कुलूप. ज्या घरी संगणक सुरू केला की काहीही न विचारता थेट उघडतो, त्या घरी वही टेबलावर उघडी पडलेली आहे असं समजा. शिवाय पासवर्ड दिसला नाही तरी उघड्या क्रोमपुढे बसलेल्या माणसाच्या हाती तो भरला जातोच आणि खातं उघडतं. भरतानाही पिन विचारावा, अशी सोय गूगल पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये आहे, 'विंडोज हॅलो' या नावाने. ती चालू करा. आणि खुर्चीवरून उठताना विंडोजची कळ आणि एल दाबा. स्क्रीन लॉक होते.

इथे विद्यार्थ्यांसाठी थोडं थांबते. प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे दिवस आले की ऑनलाइन सेंटरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मागे एकदा माझ्या भाच्यासोबत मी अशाच एका सेंटरमध्ये गेले होते. त्याने आपल्या नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं आणि खाली आठ-दहा अनोळखी पोरापोरींची नावं उलगडली. कोणतंही नाव निवडलं असतं तर पासवर्ड आपोआप भरला गेला असता. त्या पोरांची आधारची माहिती, जातीचा दाखला, बँक खात्याचा नंबर, सगळं त्या खात्यांत. मला त्या खुर्चीवर बसवेना. पोरांनो, दुसऱ्याच्या संगणकावर "सेव्ह करू का" विचारलं की "नेव्हर" म्हणा. त्याहून बरं म्हणजे सुरुवातीलाच, बंद केली की आपण काय उघडलं याची नोंद ब्राउझरमध्ये मागे न ठेवणारी खासगी खिडकी उघडा: क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. आणि उठण्याआधी ती बंद करा.

आता पुन्हा मानेवाड्याला.

फायरफॉक्सचा हा मुख्य पासवर्ड विसरला तर तो कोणीही परत देऊ शकत नाही. बनवणाऱ्यांकडेही तो नसतो. तो पुसून नवा लावता येतो, पण तसं केलं की साठवलेले सगळे पासवर्ड त्याच्यासोबत पुसले जातात. काकूंचा भाचा तेच करायला निघाला होता. मी म्हटलं, थांबा, आधी घरात शोधू.

काकांची डायरी सापडली. शेवटच्या पानावर, सुंदर अक्षरात, तीन शब्द: "मास्टर: वावरातली विहीर". काटोलकडे त्यांचं वडिलोपार्जित वावर होतं, त्यातली विहीर. काकूंना एकदम भरून आलं. मला वाटलं, सुटलो. पण पासवर्ड टाइप करायचा रोमन अक्षरांत! वावर कसं लिहायचं? व्ही की डबल्यू? की एक व्ही आणि एक डबल्यू? 'रा'ला एक ए की दोन? 'विहीर'मध्ये आय की दोन ई? मध्ये जागा सोडायची की नाही? पहिलं अक्षर मोठं? आपल्या मराठीला रोमन लिपीत एक ठरलेलं रूप नाही, आणि ही गोष्ट पासवर्ड निवडताना आपण ध्यानातच घेत नाही. दोन संध्याकाळी मी कागदावर रूपं मांडत गेले आणि टाकत गेले. साठच्या वर झाली असतील. चौकट तशीच.

तिसऱ्या दिवशी काकूंनाच सुचलं. काकांचा मोबाइल त्यांनी जपून ठेवला होता. म्हणाल्या, "ते मला मेसेज तर इंग्रजी अक्षरातच करायचे." जुने मेसेज उघडले. "वावरात जाऊन येतो", "वांगी आणू का", "विहिरीला पाणी चांगलं आहे". प्रत्येक 'व' डबल्यूने लिहिलेला. दीर्घ असो की ऱ्हस्व, एकच ए, एकच आय. काकू एकेक मेसेज वाचून दाखवत होत्या, मी त्याच वळणाने टाइप केलं, मध्ये जागा न सोडता. चौकट गेली आणि समोर वही उघडली.

बँकेच्या खात्याला आम्ही हात लावला नाही, हे मुद्दाम सांगते. माणूस गेल्यावर त्याच्या पासवर्डने बँकेत शिरणं योग्य नाही. तिथे मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचा अर्ज घेऊनच जायचं. पण बिलांची खाती, विमा कोणत्या कंपनीचा आणि हप्ता कधीचा, नातवाचे फोटो, हे सगळं काकूंना मिळालं.

तर पासवर्ड कसा निवडावा? लांब. चार-पाच एकमेकांशी संबंध नसलेले शब्द. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७मध्येच सांगून ठेवलंय की पासवर्ड ठरावीक मुदतीने उगाच बदलायला लावू नका, लांबी महत्त्वाची. मराठी शब्द जरूर घ्या, पण ज्यांचं रोमन रूप डळमळत नाही असे घ्या. व नको, ज्ञ नको, शेवटी अनुस्वार नको. निवडला की दोन दिवस रोज टाकून बघा, बोटांना बसला पाहिजे. मग एका कागदावर रोमन लिपीतच, एकेक अक्षर सुटं, लहान-मोठं स्पष्ट करून लिहा. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरमागे नको. घरात विम्याचे, जमिनीचे कागद जिथे राहतात तिथे.

आणि पासवर्ड बाहेर काढायची जी सोय असते, 'एक्स्पोर्ट' नावाची, तिच्यापासून जपा. तिची फाइल कुलपाशिवाय असते, कोणालाही उघडून वाचता येते. नव्या संगणकावर पासवर्ड नेण्यासाठी केलीच, तर काम होताच डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाका. पैसे गेल्याचं लक्षात आलं तर मात्र वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

काकूंनी आता स्वतःचा नवा मुख्य पासवर्ड लावलाय. म्हणूनच जुना तुम्हाला सांगायची परवानगी त्यांनी मला दिली. शब्द त्यांनी स्वतः निवडले, मला सांगितले नाहीत, आणि मीही विचारले नाहीत. कागद पाकिटात घालून कपाटात ठेवलाय आणि पुण्याच्या मुलीला फोन करून जागा सांगितली. फोन सुरू असताना मी तिथेच होते. मुलीने तिकडून काहीतरी विचारलं असावं, कारण काकू म्हणाल्या, "हो नं, इंग्रजी अक्षरातच लिहिलं. आणि व आलाच नाही त्याच्यात, तू काळजी नको करू."

नमस्कार.