पेव आणि पेरणी

(दृश्य: अंधारी पहाट. मिरजेतली ख्रिस्ती दफनभूमी. मेणबत्त्या लावणारे हात.)

ईस्टरची, म्हणजे येशू मेलेल्यातून उठला त्या सणाची पहाट. अजून फटफटलेलं नाही. काल दुपारी सगळ्यांनी मिळून कबरी झाडल्या, चुना दिला. आज्जीच्या कबरीला हात लावला की तो बोटांना लागतो.

दगडावर कोरलंय, 'प्रभूमध्ये निजली'. आमच्यात असंच म्हणतात. निजला, विसावला. 'सेमेटरी' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थही तोच, झोपायची जागा. झोपलेल्या माणसाला उठवता येतं.

(दृश्य: हरिपूर. संगमाकाठची जमीन, पेवाचं तोंड.)

सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद, वर माती. वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवं गेली. लहानपणी मला वाटायचं, कबर म्हणजे असंच पेव. आज्जीला आम्ही मूठमाती दिली. ती आत जशीच्या तशी राहील, आणि शेवटच्या दिवशी देव वरची माती काढेल.

पुढे एका दफनविधीत पाळकसाहेब वाचत होते, ते पहिल्यांदा नीट ऐकलं. बायबलमधलं, करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलानं लिहिलेलं पहिलं पत्र, १५ वा अध्याय. पौल तिथं पेवाचं बोलतच नाही, पेरणीचं बोलतो. आपण पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते निराळं.

(दृश्य: जत. शाळूचं रान.)

जतच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मातीत टाकलेला दाणा परत हाती येत नाही. ताट येतं, कणीस येतं. पण शाळू पेरला तर शाळूच उगवतो. उठेल ती आज्जीच असेल. तिचे ते वाकडे झालेले, रात्र-रात्र ठणकणारे गुडघे मात्र नसतील. मला या अध्यायातलं हेच सगळ्यात जवळचं वाटतं.

म्हणून प्रेत टिकलं पाहिजे असं नाही. साताऱ्यात १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू करणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये मुंबईत वारले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं. कॅथलिक चर्चनंही १९६३ मध्ये दहनाची मुभा दिली. तरी आमची बहुतेक माणसं मातीतच जातात. येशूलाही थडग्यात ठेवलं होतं, त्याच वाटेनं जावं, अशी ओढ असते.

कॅथलिक लोक २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतात. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत प्रार्थना होते ती मागे राहिलेल्यांसाठी. आणि रडायला कुणी मनाई करत नाही. मेलेल्या मित्राला, लाजराला, आता उठवायचं आहे हे ठाऊक असूनही येशू त्याच्या थडग्याकडे जाताना रडला.

(दृश्य: पूर्व उजळते.)

त्या पहिल्या पहाटे थडग्याशी बायकाच गेल्या होत्या, प्रेताला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन. शुक्रवारी ठेवलं तसंच सापडेल, असं त्यांनाही वाटलं होतं. धोंड बाजूला लोटलेली होती. आत देह नव्हता.

आज इथंही आधी आल्या त्या बायकाच. वारा सुटलाय. एक मावशी पदराचा आडोसा करून मेणबत्ती लावतात.

"प्रभू उठला आहे," मागून कुणी म्हणतं.

"खरोखर उठला आहे," त्या म्हणतात, आणि दुसरी काडी ओढतात.