एका काट्याचं घड्याळ आणि त्याखालचा रस्ता

[दृश्य: निळी तबकडी, अगदी जवळून. मधोमध सोनेरी सूर्य.]

या घड्याळाला काटा एकच, तासांचा. मिनिटांची इथे गणतीच नाही. आणि त्या काट्याचं टोक नीट पाहा, तिथे एक कोकरू आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, रूआँ शहरात, जवळपास पाचशे वर्षं हे कोकरू वेळ सांगतंय. कोकरूच का? तर या शहराचा पैसा लोकरीतून आला. शहराच्या मानचिन्हावरही तेच आहे.

[दृश्य: कॅमेरा मागे येतो. कमान, मनोरा, खाली गर्दी.]

घड्याळ बसवलंय ती कमान रस्त्यावर आडवी उभी आहे, आणि रस्त्याला नावही घड्याळाचंच: र्यू द्यु ग्रो-ओर्लोज. मोठ्या घड्याळाचा रस्ता. आजच्या फ्रेंचमध्ये घड्याळ स्त्रीलिंगी. जुन्या नॉर्मन बोलीत मात्र पुल्लिंगी, आणि पाटीवर बोलीच जिंकली. आपल्याकडे ते नपुंसकलिंगी, तेव्हा आपण या भांडणात न पडलेलं बरं.

रोमन काळात रोटोमागुस नावाचं गाव इथे होतं. त्याचा पूर्व-पश्चिम मुख्य रस्ता याच रेषेत धावायचा. आज पूर्वेच्या टोकाला कॅथेड्रल आहे. त्याच्या दर्शनी भागावर पडणारा उजेड पकडायला चित्रकार मोने १८९२ आणि १८९३मध्ये इथे येऊन बसला होता. पश्चिमेच्या टोकाला जुना बाजारचौक. तिथे ३० मे १४३१ रोजी जोन ऑफ आर्कला, इंग्रजांविरुद्ध फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या मुलीला, जिवंत जाळलं. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. पर्यटकांचे लोंढे या दोन टोकांमध्ये वाहत असतात. आपण मात्र मधे थांबू, मनोऱ्यापाशी.

[दृश्य: मनोरा, खालून वर.]

गोष्ट १३८२ची. नवे कर लादले गेले आणि फेब्रुवारीत रूआँ पेटलं. शहराची घंटा घणघणू लागली. कापडाच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याला धरून लोकांनी त्याला थट्टेत 'राजा' केलं. खरा राजा, सहावा शार्ल, त्या वेळी तेरा वर्षांचा होता. त्याच्या दरबाराने बंड मोडलं, शहराचे हक्क काढून घेतले, घंटा जप्त केल्या आणि घंटांचा मनोराही पाडायला लावला. शहराचा आवाजच बंद केला म्हणा ना.

सात वर्षांनी, १३८९मध्ये, त्याच जागी नवा मनोरा उभा राहू लागला. कारण सांगितलं गेलं घड्याळाचं! आता घड्याळ आलं की ठोके आले, ठोके आले की घंटा आली. हा व्यापाऱ्यांच्या गावाचा चतुरपणा, आणि मला तो बंडापेक्षाही जास्त आवडतो. त्यातली एक घंटा रात्री नऊला वाजायची: चुली झाका, दिवे मालवा, घरी जा. तिचं नाव काश-रिबो, म्हणजे उनाडांना पिटाळणारी.

पुढे लोकांना घड्याळ नीट दिसावं म्हणून १५२७ ते १५२९च्या दरम्यान ही कमान बांधली आणि तबकडी खाली आणली.

[दृश्य: तबकडीच्या वरचा गोल, मग खालची खिडकी.]

वर हा अर्धा काळा, अर्धा चंदेरी गोळा दिसतोय? तो चंद्राच्या कला दाखवतो. आणि तबकडीखालच्या छोट्या खिडकीत रोज एक रोमन देव येतो. इथे मराठी माणसाला गाईड लागत नाही. सोमवारी चंद्र, मंगळवारी मंगळ, मग बुध, गुरू, शुक्र, शनी, आणि रविवारी सूर्य.

[दृश्य: लाकडी घरं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी.]

आता घरं. ओकच्या वाशांचा सांगाडा आणि मधल्या जागेत माती-पेंढ्याचं भरण. कोकणातल्या कुडाच्या भिंतीची ही लांबची बहीणच. काही घरांचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला दिसेल. जमीन महाग, म्हणून वर जागा वाढवायची, शिवाय खालच्या भिंतीचा पावसापासून बचाव. पण समोरासमोरची घरं अशी झुकत गेली की गल्लीत उजेड येईना, आणि आग लागली तर ती सहज रस्ता ओलांडायची. १५२०मध्ये रूआँने असे पुढे आलेले मजले बांधायला बंदी घातली. त्यामुळे घराचं वय ओळखणं सोपं झालं: पोट पुढे आलेलं असेल तर बहुधा बंदीच्या आधीचं, सरळ उभं असेल तर नंतरचं. पुढे लाकूड दिसणं गावंढळ वाटू लागलं आणि बऱ्याच घरांवर गिलावा चढला. तो खरवडून वासे पुन्हा उघडे केले ते अलीकडे.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४०च्या आगीत, कॅथेड्रल आणि सीन नदी यांच्यामधला जुना भाग जळाला. १९४४मध्ये दोस्त राष्ट्रांचे बॉम्ब पडले. मनोरा वाचला. १९७०च्या सुमारास इथे गाड्या बंद झाल्या. फक्त चालणाऱ्यांसाठी राखलेल्या फ्रान्समधल्या पहिल्या रस्त्यांपैकी हा एक.

१३८९चं लोखंडी यंत्र १९२८पर्यंत चालत होतं. मग विजेची मोटर आली. तिकीट काढून जिने चढलात तर ते जुनं यंत्र पाहता येतं.

[दृश्य: कमानीच्या आत, कॅमेरा सरळ वर.]

फोटो काढायला सगळे लांब उभे राहतात, म्हणून हे बहुतेकांचं राहून जातं. कमानीखाली या आणि मान वर करा. दगडात एक मेंढपाळ कोरलाय, आणि त्याच्या भोवती मेंढरं चरतायत.