खाडा

(दृश्य: कुपवाड एमआयडीसी, सकाळ. पाळी सुटतेय. गेटवर सायकली, जेवणाचे डबे.)

सांगली आणि मिरजेला लागून कुपवाड. इथल्या फाउंड्र्यांमध्ये वाळूचे साचे करून त्यात वितळलेलं लोखंड ओततात. साचा फोडला की बारीक धूळ उडते. त्या धुळीतली सिलिका वर्षानुवर्षं छातीत साठत गेली की टीबीच्या जंतूला आयतंच रान मिळतं.

(दृश्य: वानलेसवाडी, रस्त्यावरची पाटी.)

जवळच वानलेसवाडी. मिरजेत मिशनचा दवाखाना काढणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाची ही वस्ती. क्षयरोग्यांसाठी इथं आरोग्यधाम होतं. त्या काळात औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस जेवण, एवढंच. आता साध्या टीबीला सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात, त्याही सरकारी दवाखान्यात फुकट. तरी जगातल्या टीबी रुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा भारतातच आहे.

(दृश्य: कारखान्याच्या आवारात मांडलेली पोषण आहाराची पाकिटं. मागे मोठा बॅनर.)

2022 पासून सरकारच्या टीबी मोहिमेत कंपन्यांना ‘निक्षय मित्र’ होता येतं. रुग्णाची संमती घ्यायची आणि किमान सहा महिने त्याला शिधा पुरवायचा. मोठ्या माणसाला महिन्याला 3 किलो धान्य, दीड किलो डाळ, थोडं तेल, किलोभर दूध पावडर नाहीतर शेंगदाणे. हिशेब केला तर धान्य दिवसाला 100 ग्रॅम. म्हणजे ज्वारीची फार तर दीड भाकरी. बॅनर मात्र पाकिटांपेक्षा मोठा.

पण शिध्याला हसून चालणार नाही. झारखंडमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 साली आले. रुग्णाबरोबर घरच्यांनाही शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी भरलं. उपाशी अंगाला हा रोग लवकर धरतो, हे इथल्या आयाबायांना अभ्यासाआधीच ठाऊक होतं.

(दृश्य: नकाशा. पुण्यापासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत रेघ.)

धंदेवाल्यांची खरी मदत कशी असते, त्याचं उदाहरण पुण्यात आहे. आफ्रिकेत ‘ए’ जातीच्या मेंदूज्वराच्या साथी यायच्या. तिथल्या सरकारांना परवडेल अशी लसीची किंमत आधी ठरली, डोसला अर्ध्या डॉलरहून कमी. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेनं प्रकल्प उभा केला, तंत्र अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळेतून आलं आणि लस बनवली सीरम इन्स्टिट्यूटनं. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. त्या जातीचा मेंदूज्वर पुढं जवळजवळ नाहीसाच झाला. ज्याच्याकडं जे होतं, ते त्यानं दिलं.

मग कुपवाडच्या मालकाकडं काय आहे? डाळ तर किराणा दुकानातही मिळते. मालकाकडं हजेरीपट आहे.

(दृश्य: पाठमोरा कामगार. चेहरा दिसत नाही.)

“मालकास्नी सांगू नगा,” हा पहिलं वाक्य बोलला ते हे. दोन महिने खोकला होता, तरी यानं बेडका तपासायला दिला नाही. दवाखान्यात गेलं की खाडा, खाडा पडला की ठेकेदार दुसरा माणूस आणतो. औषध नीट लागू पडलं की काही आठवड्यांत संसर्गाची भीती पुष्कळ ओसरते. पण त्याआधीचे दोन महिने हा एकाच पत्र्याखाली दहा जणांशेजारी खोकत होता.

कायद्यात यावर सोय आहे. ईएसआय म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात मालक पगाराच्या 3.25 टक्के भरतो, कामगार 0.75 टक्के. ठरावीक काळ वर्गणी भरलेल्या कामगाराला टीबी झाला तर घरी बसून आधी 91 दिवस पगाराच्या 70 टक्के आणि त्यानंतर 80 टक्के मिळू शकतात, गरज पडली तर दोन वर्षांपर्यंत. ठेकेदाराची माणसंही यात येतात. फक्त त्यांची नावं भरलेली असावी लागतात.

(दृश्य: कॅन्टीन. आरोग्य सेविका, टेबलावर बेडक्याच्या डब्या.)

या फाउंड्रीत आज तपासणी आहे. मालक स्वतः रांगेत पहिले उभे राहिले, त्यामुळं मागची रांग आपोआप लागली. कायम कामगारांची नावं अकरा वाजेपर्यंत संपली. आता ठेकेदाराची माणसं. त्यांची यादी ठेकेदाराकडं आहे, आणि तो पलूसला गेलाय. संध्याकाळपर्यंत येईल म्हणतात.

सेविकेनं उरलेल्या डब्या पिशवीत भरल्या नाहीत. खुर्ची ओढून ती तिथंच बसलीय.