पुण्याचा कचरा कोण उचलतं?

श्रोतेहो, नमस्कार.

पुणं श्रीमंत होत चाललंय, हे सांगायला आकडे लागत नाहीत. बाणेरला जा, खराडीला जा, डोळ्यांना दिसतंच. पण त्याच बाणेर-खराडीत सकाळी दारातून कचरा घेऊन जाणारी बाई बहुतेक वेळा दलित असते. अनेकदा तिच्या आईनं किंवा सासूनंही हेच काम केलेलं असतं. शहराची भरभराट झाली, पण कोणतं काम कुणी करायचं याची जुनी वाटणी काही मोडली नाही. म्हणून पुण्यातल्या गरिबीबद्दल बोलायचं आणि जातीबद्दल गप्प बसायचं, हे मला पटत नाही.

१९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर-नगर भागातून माणसं पोटासाठी पुण्यात आली. कुणाची ओळख होती, कुणाजवळ थोडं शिक्षण होतं. त्यांना कारखान्यात नाहीतर दुकानात जागा मिळाली. मातंग आणि बौद्ध कुटुंबांतल्या कितीतरी बायकांना मिळाली ती कचराकुंडी. कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारवाल्याला विकायचा. तो देईल तो भाव घ्यायचा. काही चोरीला गेलं की पहिला संशय त्यांच्यावर, कुत्रीही त्यांच्याच अंगावर धावणार.

१९९३ साली या बायकांची संघटना उभी राहिली, ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. डॉ. बाबा आढाव पाठीशी होते. मार्केट यार्डातल्या हमालांची संघटना त्यांनी आधीच बांधली होती. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी मिळू शकतो, हे १९६९च्या माथाडी कायद्यानं दाखवून दिलं होतं. मग कचरा वेचणारीला का नाही?

पंचायतीनं दया मागितली नाही. पहिल्यापासून जोर दिला तो ओळखपत्रावर. तुम्हा-आम्हाला ते साधं कार्ड वाटेल. पण महापालिकेची मान्यता असलेलं कार्ड हातात आलं, की हटकणाऱ्या पोलिसाला उत्तर देता येतं आणि सोसायटीच्या गेटवर मान वर करून उभं राहता येतं. पुढं पतसंस्था आली, विम्यासाठी पाठपुरावा झाला. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांना सरकारी शिष्यवृत्ती होती, ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी म्हणून भांडावं लागलं. आज आपल्याला सहज वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागं मोर्चा आहे, निवेदन आहे, कार्यालयातले हेलपाटे आहेत.

२००८ मध्ये याच बायकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला. कुंडीतून वेचण्याऐवजी थेट दारातून कचरा घ्यायचा. घरटी ठरलेलं शुल्क तिचं आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारा पैसाही तिचाच. साडेतीन हजारांहून अधिक जणी-जणांना यातून स्वतःचं काम मिळालं. ठेकेदार मध्ये नाही, मालकी कष्ट करणाऱ्यांची. अशी व्यवस्था आपल्या शहरानं उभी केली, याचा मला खरोखर अभिमान आहे. शहरातली विषमता कमी करायची कशी, असं जेव्हा कुणी विचारतं, तेव्हा मी याच कराराकडे बोट दाखवतो. काम तेच राहिलं, पण त्या कामाची मालकी बदलली.

आणि म्हणूनच राग येतो. मुदत संपली की या कराराला अधूनमधून तुटपुंज्या मुदतवाढीवर ठेवलं गेलं. मोठ्या गाड्या आणि मोठे ठेके आणायची चर्चा तर सतत चालूच असते. त्यात २०२२च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार चालला. बंगल्यातल्या माणसाचा आयुक्तांपर्यंत फोन लागतो. वस्तीतल्या बाईला मात्र नगरसेवकाचं दारच तेवढं ठोठावता येत होतं, तेही बंद झालं.

आता आपल्या दाराशी येऊ. महात्मा फुल्यांनी १८६८ साली गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्याच शहरात आज काही इमारतींमध्ये कचरा नेणाऱ्या बाईला लिफ्ट वापरू देत नाहीत. चार मजले ती डब्यांसह जिन्यानं उतरते. वास येतो म्हणतात. वास आपल्याच घरातल्या कचऱ्याचा असतो.

वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच ओल्या कचऱ्यात टाकले जातात आणि ते वेगळे करायला तिचा हात जातो. २०१३ मध्ये या बायकांनी असे पॅड पोत्यांत भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवले होते. २०१६च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत पिशवी किंवा वेष्टण देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. आपण किमान कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढू शकतो, म्हणजे तिला हात न लावता कळेल.

तुमच्या सोसायटीची पुढची सभा असेल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. कचरा घेणाऱ्या ताईंचं शुल्क प्रत्येक घरातून दर महिन्याला वेळेवर जातं का? कचरा वेगळा करायला त्यांना छप्पर असलेली जागा, हात धुवायला नळ आणि वापरायला स्वच्छतागृह आहे का? आणि लिफ्टबाहेर पाटी लावली असेल, तर ती कुणाच्या ठरावानं लावली? उत्तरं सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. आणि महापालिकेत निवडून गेलेल्या तुमच्या प्रतिनिधीला ‘स्वच्छ’चा करार किती वर्षांसाठी आहे, ते लेखी विचारा.

नमस्कार.